वडिलांच्या मागे राहिलेलं जुनं रिव्हॉल्व्हर: कोकणातल्या वारसांनी काय करायचं

कोकणात घरात बंदूक असणं नवीन नाही. रानडुकरं आणि वानर यांच्यापासून शेती वाचवायला दिलेल्या परवान्यावरची ठासणीची किंवा बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचं माप) एकनळी बऱ्याच वाड्यांवर असते, आणि तिचं काय करायचं हे सांगणारी माणसंही गावात मिळतात. घरातून रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल निघालं की मात्र कोणालाच नीट माहिती नसते. कोणी म्हणतं गप्प बसा, कोणी म्हणतं खाडीत टाका, कोणी म्हणतं मुंबईला नेऊन विका. तिन्ही सल्ले वारसाला तुरुंगापर्यंत नेऊ शकतात.

आमच्या घरी बाबांच्या मागे .३२ बोअरचं, बेल्जियन बनावटीचं एक छोटं रिव्हॉल्व्हर राहिलं. निकेलचा मुलामा पोपडे धरून उडालेला, मुठीला तडा. बाजारात त्याला कोणी फारसे पैसे देणार नाही. पण कायद्याच्या लेखी ते एक अग्निशस्त्रच आहे. पाचशे रुपयांचं असो की लाखाचं, शस्त्र अधिनियम १९५९ दोघांना सारखाच लागू होतो. मालवण तालुक्यातल्या आमच्या घरापासून ओरोसच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत हे प्रकरण नेताना जे कळलं, ते क्रमाने सांगतो. रत्नागिरी आणि रायगडातही रीत हीच, फक्त कार्यालय रत्नागिरीला किंवा अलिबागला.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की समजून घ्या, बाकी सगळं तिच्यातून येतं. परवाना हा माणसाच्या नावाचा असतो. माणूस गेला की त्याच्या परवान्यावर घरातल्या दुसऱ्या कोणालाही ते हत्यार बाळगता येत नाही, बायकोलाही नाही आणि मुलालाही नाही. सातबाऱ्यावर वारसांची नावं लागली म्हणून कपाटातल्या रिव्हॉल्व्हरचा ताबा आपोआप कायदेशीर होत नाही. विनापरवाना ताब्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधारणपणे किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आणि दंड अशी शिक्षा आहे.

१. आधी कोणालाही हात लावू देऊ नका

बाराव्याला घर भरलेलं असतं. मुंबईहून आलेली मुलं पेटारे उघडतात, जुन्या वस्तू बाहेर काढतात, फोटो घेतात. हत्यार कुठे आहे हे माहीत असेल तर ती खोली किंवा ते कपाट बंद करून चावी एका मोठ्या माणसाकडे द्या.

यामागे कायद्याइतकंच सुरक्षेचंही कारण आहे. जुन्या स्वस्त रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा (काडतुसावर आपटणारा भाग) आणि काडतूस यांच्यामध्ये बहुतेक वेळा कोणताही अडथळा नसतो. चक्रीतल्या काडतूस भरलेल्या खाच्यावर, म्हणजे घरावर, घोडा टेकलेला असेल आणि हत्यार जमिनीवर आपटलं, तर चाप न ओढताही बार उडू शकतो. "इतकी वर्षं पडून आहे, आत काही नसेल" हा अंदाज कधीच बांधू नका. भरलेलंच आहे असं धरून चाला. उघडून बघू नका, चाप ओढून बघू नका, तेल घालून मोकळं करायला जाऊ नका.

२. परवाना पुस्तिका आणि जुन्या पावत्या शोधा

पुस्तिका बहुतेक वेळा हत्याराजवळ नसते. घरपट्टीच्या पावत्या, बँकेचं पासबुक, देवघराच्या वरचा डबा, जुनी सूटकेस अशा ठिकाणी बघा. पुस्तिकेत या गोष्टी वाचा:

- परवाना क्रमांक आणि तो देणारं कार्यालय
- हत्याराचा प्रकार, बोअर, बनावट आणि त्यावरचा क्रमांक
- किती काडतुसं बाळगायची मुभा होती
- शेवटचं नूतनीकरण कधी झालं आणि मुदत कधी संपली
- युनिक आयडेंटिफिकेशन नंबर, म्हणजे यूआयएन, नोंदवला आहे का

यूआयएन महत्त्वाचा आहे. देशभरातल्या शस्त्र परवान्यांची एक संगणकीय नोंद आहे, तिच्यात प्रत्येक परवान्याला हा क्रमांक दिलेला असतो. म्हातारपणी ज्यांनी कार्यालयात जाणं सोडलं त्यांच्या पुस्तिकेत तो नसण्याची शक्यता मोठी. शेवटच्या आजारपणात नूतनीकरण राहून गेलेलं असणं हेही घरोघरी दिसतं. यातलं काहीही लपवू नका. कार्यालयातल्या नोंदवहीत ते आहेच, आणि तुम्ही आपणहून सांगितलं तर पुढची चौकशी सोपी जाते.

आणखी एक कागद आवर्जून शोधा: निवडणुकीतली जमा पावती. आचारसंहितेच्या काळात बऱ्याच परवानाधारकांना हत्यार ठाण्यात जमा करायला सांगतात, आणि निवडणूक संपल्यावर ते परत आणायचं असतं. म्हाताऱ्या माणसांचं ते आणायचं राहून जातं. घरात हत्यार सापडत नसेल, तर कोणावर संशय घेण्याआधी ठाण्यात चौकशी करा. तिथेच पडून असेल.

३. पोलीस ठाण्याला कळवा आणि जमा करा

ही पायरी पुढे ढकलू नका. ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाकारण उशीर न करता हत्यार आणि काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची, असं अधिनियमाच्या कलम २१ मध्ये आहे. कोकणात विक्रेते दूर, त्यामुळे ठाणंच बरं.

पण पिशवीत घालून एसटीने किंवा दुचाकीने निघू नका. वाटेत नाकाबंदीत सापडलात तर "जमा करायलाच चाललो होतो" हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागेल. आधी साध्या कागदावर अर्ज लिहा: अमुक तारखेला वडील वारले, त्यांच्या नावे अमुक क्रमांकाचा परवाना होता, हत्यार घरात अमुक ठिकाणी आहे, ते जमा करून घ्यावं. सोबत मृत्यू दाखल्याची आणि पुस्तिकेची प्रत जोडा. दाखला अजून हातात आला नसेल तर थांबू नका, तसं लिहा. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. हत्यार कसं आणायचं हे ठाणं सांगेल.

आम्ही आधी फोन केला तेव्हा पलीकडून हवालदारांनी एवढंच सांगितलं, "तेका कोणी हात लावू नकात, आमी येतंव." संध्याकाळी दोघे आले. पोलीस पाटलांना बोलावून घेतलं. चामड्याच्या केसवर पांढरी बुरशी, तिचं बटण गंजून बसलेलं, ते चाकूच्या टोकाने उचलावं लागलं. एकाने टॉर्च धरला, दुसऱ्याने मुठीखालचा क्रमांक पुस्तिकेतल्या क्रमांकाशी एकेक आकडा वाचून ताडून पाहिला. पाचपैकी तीन घरांत काडतुसं होती, पितळेवर हिरवा कळंक चढलेला. दोन निघाली, एक जागेवरून हललं नाही. तेही पंचनाम्यात तसंच लिहिलं गेलं.

पावती घेताना या गोष्टी त्यात आहेत ना हे उभ्या उभ्या वाचून बघा: हत्याराची बनावट, बोअर, क्रमांक, काडतुसांची संख्या, केस किंवा इतर वस्तू आणि हत्याराची स्थिती. "एक रिव्हॉल्व्हर" एवढीच नोंद असलेली पावती घेऊ नका. पुढे सगळा अर्ज या एका कागदावर उभा राहतो.

जमा केलं म्हणजे हक्क गेला, अशी भीती काही घरांत असते. तसं नाही. ठरलेल्या मुदतीत वारसाने परवाना घेतला तर ते परत मिळतं, किंवा परवाना असलेल्या माणसाला विकताही येतं. मुदत उलटून गेली आणि कोणी विचारलंच नाही, तर जिल्हादंडाधिकारी ते सरकारजमा करू शकतात. म्हणून तुमच्या प्रकरणात मुदत किती, हे जमा करतानाच विचारून घ्या.

४. हे हत्यार कोणत्या वर्गातलं, ते पुस्तिकेवरून ठरवा

.३२, .२५ आणि .२२ बोअरची जुनी रिव्हॉल्व्हरं आणि पिस्तुलं साधारणपणे परवानगी मिळू शकणाऱ्या वर्गात येतात, आणि त्यांचा परवाना जिल्हादंडाधिकारी देऊ शकतात. .३८०, .४५५, .४५ किंवा ९ मिलिमीटरची लष्करी काडतुसं ज्यात बसतात अशी रिव्हॉल्व्हरं आणि पिस्तुलं निर्बंधित वर्गात मोडतात. कोकणातून सैन्यात गेलेल्यांची संख्या मोठी आहे, त्यामुळे जुन्या घरांत असं एखादं निघणं अशक्य नाही. त्याचा निर्णय जिल्ह्यात होत नाही, प्रकरण केंद्रीय गृह मंत्रालयापर्यंत जातं. विनापरवाना निर्बंधित हत्याराची शिक्षाही फार कडक आहे, सात ते चौदा वर्षं.

तिसरा प्रकार गावठी हत्याराचा. ज्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, क्रमांक नाही किंवा तो घासून काढलेला आहे. स्वस्त जुन्या हत्यारांत ही शंका नेहमी येते. अशा वस्तूचा वारसा वगैरे काही नसतो, तिचा परवाना मिळत नाही. पुस्तिकाच सापडत नसेल किंवा क्रमांक जुळत नसेल, तर आधी फौजदारी काम करणाऱ्या वकिलाला भेटा, आणि त्यांच्यासोबत लगेच ठाण्यात लेखी द्या. त्या दिवसाचं काम दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

विहिरीत किंवा खाडीत टाकून मोकळं होण्याचा सल्ला देणाऱ्यांना हे सांगा: परवाना असलेल्या हत्याराची नोंद कलेक्टर कचेरीत आहे. आज ना उद्या नूतनीकरणाची नोटीस येते, आणि मग हत्यार कुठे गेलं याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

"हे तर पुरातन, याला परवाना कशाला" असंही कोणी म्हणेल. कायद्यात जुन्या, निकामी शस्त्रांना सूट आहे, पण दुरुस्त करूनसुद्धा जे चालू शकणार नाही अशांनाच. गंजलेलं पण दुरुस्त होण्यासारखं रिव्हॉल्व्हर त्यात बसत नाही. आणि ते ठरवणं आपलं काम नाही.

५. ठेवायचं का, हे घरात बसून ठरवा

हत्यार ठाण्यात सुरक्षित आहे, आता घाई नाही. चार रस्ते आहेत: एका वारसाने परवाना काढणं, परवानगी घेऊन परवानाधारकाला किंवा विक्रेत्याला विकणं, सरकारजमा करणं, किंवा ते कायमचं निकामी करून आठवण म्हणून ठेवता येईल का हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेला लेखी विचारणं.

माझं स्पष्ट मत असं की, केवळ "बाबांची वस्तू" म्हणून परवाना काढू नका. परवाना ही दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायची, निवडणुकीत सांगतील तेव्हा ठाण्यात नेऊन द्यायची, रोज कुलपात सांभाळायची जबाबदारी आहे. ती पेलणारा माणूस घरात असेल तरच घ्या. शेतीसाठी उपयोग होईल हाही विचार सोडून द्या. छोट्या नळीचं हत्यार डुकरासाठी नसतं, आणि वन्यप्राण्यांचा कायदा वेगळाच आहे.

कोकणातल्या घरांचा सर्वांत मोठा प्रश्न बंद घराचा. घर मालवणला, परवाना काढणारा डोंबिवलीला, आणि कुलूप उघडणार गणपतीत आणि मे महिन्यात. अशा घरात हत्यार ठेवता येत नाही, ठेवूही नये. अर्ज जिथे तुम्ही प्रत्यक्ष राहता तिथल्या परवाना कार्यालयाकडे करायचा असतो. डोंबिवलीत राहणाऱ्याचं कार्यालय ठाणे पोलीस आयुक्तालय, ओरोस नव्हे. म्हणून आमच्याकडे गावी कायम राहणारा तो मी, असं बघून अर्जदार ठरला. भाऊ मोठा, पण तो शहरात. यात मानापमान आणू नका. मुलगी गावी राहत असेल तर तिनेही अर्ज करावा, कायद्याला मुलगा-मुलगी सारखेच.

अर्जदाराचं वय किमान २१ हवं. जमिनीच्या भाऊबंदकीतून कोणावर मारामारीचा गुन्हा किंवा खटला असेल तर त्याचं नाव पुढे करू नका, पोलीस अहवाल तिथेच अडकतो. आणि अर्जदाराकडे आधीच शेतीसंरक्षणाची बंदूक असेल तर मोजून घ्या: २०१९ नंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रं, वारसाने आलेलं धरून.

६. कागद गोळा करा

- मृत्यू दाखला
- मूळ परवाना पुस्तिका
- ठाण्याची जमा पावती आणि पंचनाम्याची प्रत
- वारस असल्याचा पुरावा: तलाठ्याकडचा वारस अहवाल किंवा कार्यालय मागेल तो दाखला (तलाठ्यांचं पद आता ग्राम महसूल अधिकारी असं झालं आहे)
- बाकी सर्व वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रं
- अर्जदाराचा ओळखीचा, वयाचा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा, फोटो
- शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र, ठरलेल्या नमुन्यात
- शस्त्र हाताळणी आणि सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र
- हत्यार घरात कुठे आणि कसं कुलपात ठेवणार याचं हमीपत्र

यात वेळ खातात ती ना हरकत प्रतिज्ञापत्रं. आई, भाऊ, लग्न होऊन गेलेल्या बहिणी, वारलेल्या भावाची मुलं, सगळ्यांची लागतात. बहीण पनवेलला, पुतण्या पुण्याला. गणपतीला सगळे गावी येतात तेव्हाच मजकूर तयार ठेवून सह्या उरकून घ्या, नाहीतर एका सहीसाठी महिने जातात. मजकुरात हत्याराची बनावट, बोअर, क्रमांक आणि ते कोणाच्या नावे करायला हरकत नाही हे स्पष्ट लिहा. "वडिलांच्या मालमत्तेबाबत हरकत नाही" असं मोघम लिहिलेलं प्रतिज्ञापत्र परत येतं, आणि त्यावरून जमिनीचे नको ते वादही निघतात. हत्याराचा कागद हत्यारापुरताच ठेवा.

वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात जाण्याआधी कोरा नमुना सोबत घ्या. प्रशिक्षण कुठे मिळतं हे गृह शाखेतच विचारा.

७. अर्ज

जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्याचं काम गृह शाखेत चालतं. अर्ज शस्त्र नियम २०१६ मधल्या नमुना ए-१ मध्ये, केंद्राच्या शस्त्र परवाना पोर्टलवर भरायचा आणि छापील प्रत कागदांसह द्यायची. वारसाला परवाना देण्याची तरतूद याच नियमांच्या नियम २५ मध्ये आहे, अर्जासोबतच्या पत्रात तिचा उल्लेख करा, म्हणजे तुमचं प्रकरण नवीन हत्यार विकत घेणाऱ्यांच्या रांगेत पडत नाही. त्याच नियमात एक सोय आहे जी फार थोड्यांना माहीत असते: परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार बाळगून २५ वर्षं झाली, तर तो हयातीतच वारसाच्या नावे ते करून द्यायला सांगू शकतो. तुमच्या घरी वडीलधारे परवानाधारक अजून आहेत? मग हा लेख बाजूला ठेवून आजच त्यांच्याशी बोला. त्यांच्या सहीने जे काम होतं त्याला नंतर सगळ्या कुटुंबाच्या सह्या लागतात.

दलालांना पैसे देऊ नका. शुल्क सरकारी चलनाने भरायचं असतं, पावती मिळते. पावती न देता "साहेबांसाठी" कोणी काही मागत असेल तर तिथून उठून या.

८. पोलीस चौकशी

अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयामार्फत तुमच्या ठाण्यात येतो. नियमांत अहवालासाठी ३० दिवस आहेत. जबाबाला बोलावतील, घरी येतील, पोलीस पाटलांना आणि शेजाऱ्यांना विचारतील. हत्यार कशाला हवं, या प्रश्नाचं उत्तर आधी विचार करून ठेवा आणि खरं तेच द्या. खोटा धोका रचू नका. कोणाचं नाव घेऊन "त्याच्यापासून जिवाला भीती" असं सांगितलंत, तर त्याचाही जबाब होईल आणि गावात नवं भांडण उभं राहील.

नकार आला तर आदेशाची प्रत आणि कारणं लेखी मागा. अपिलाला ३० दिवस असतात.

९. परवाना मिळाल्यावर

पुस्तिका हातात आली की आधी त्यातला क्रमांक जमा पावतीशी जुळवा. एक आकडा चुकलेला असेल तर तो दुरुस्त झाल्याशिवाय ठाण्यातून हत्यार उचलू नका. परवान्याचं क्षेत्र जिल्हा, राज्य की देश, तेही वाचा. गोव्याची हद्द आपल्याकडे किती जवळ आहे हे विसरू नका.

हत्यार घरी आणण्याआधी परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून तपासून घ्या. गावच्या लोहाराकडे नेऊ नका. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या स्वस्त लोखंडावर आजची काडतुसं चालवून बघणं धोक्याचं आहे, आणि जुनी कळंक चढलेली काडतुसं तर वापरूच नका, ती ठाण्यातच राहू द्या.

आमच्याकडचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंडाला सोडत नाही. चामड्याच्या केसमध्ये हत्यार ठेवू नका. चामडं ओल धरतं, आणि गंज सगळ्यात आधी तिथेच चढतो. कोरड्या सुती कापडाने पुसून, तेलाचा पातळ हात देऊन, भिंतीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी पेटीत ठेवा. काडतुसं वेगळ्या कुलपात. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी काढून पुसा. लग्नात, शिमग्यात हौसेने बार काढायची परवानगी कोणालाही नाही. दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

पुस्तिकेची रंगीत प्रत काढून घरातल्या दुसऱ्या एका जाणत्या माणसाकडे द्या, पेटी कुठे आहे आणि ठाण्याचा नंबर कोणता हे त्याला सांगून ठेवा.